मुंबई–नागपूर ६८२ किलोमीटर, मग तिकिटावर दीड तासाच्या वर का?

धरमपेठची_लेक

नमस्कार मंडळी. मी डोंबिवलीला राहते, माहेर नागपूरचं. बाबा ७९ वर्षांचे, आई गेल्यापासून एकटेच असतात. दर महिन्याला त्यांची दवाखान्यात तपासणी असते आणि त्या दिवशी मी सोबत असतेच. डॉक्टर ११ वाजता बोलावतात. आजवर कल्याणहून रात्रीची गाडी धरायचे. गेल्या महिन्यात गाडी तीन तास उशिरा पोचली आणि बाबा काठी टेकत ऑटोने एकटेच जाऊन आले. मी घरी पोचले तेव्हा ते औषधांची पिशवी उशाशी ठेवून झोपले होते. ते फार लागलं मनाला.

आता पहाटेच्या विमानाने जायचं ठरवलंय. बाबा पाटबंधारे खात्यात आरेखक होते, त्यामुळे त्यांचा पहिला प्रश्न, "हवाई अंतर किती? वेळ किती?" मी शोधायला बसले तर गोंधळच झाला. एका ठिकाणी ६९८ किमी, दुसऱ्या ठिकाणी ६८२. उड्डाणाचा वेळ म्हणून १ तास २१ मिनिटं दिलेली. तिकिटावर मात्र १ तास ३५ मिनिटं, दुसऱ्या कंपनीच्या तिकिटावर १ तास ४५. दिवाळीत गेले होते तेव्हा वैमानिकाने "आपण पासष्ट मिनिटांत पोचू" असं सांगितलं आणि खरंच तेवढ्यात चाकं टेकली. येताना मात्र आकाशात इतकं फिरलो की दीड तास झाला.

यातला खरा आकडा कोणता? ११ ची वेळ गाठायची तर कशावर भरवसा ठेवू? जाणकारांनी नीट समजावून सांगा, मला बाबांना वाचून दाखवायचं आहे.

आकडेमोड

ताई, अंतराचं मी सांगतो. तुम्हाला सापडलेले दोन्ही आकडे बरोबर आहेत, फक्त टोकं वेगळी धरली आहेत. ६९८ हे शहराच्या मध्यापासून शहराच्या मध्यापर्यंत, म्हणजे साधारण सीएसएमटी ते सीताबर्डी. ६८२ हे विमानतळ ते विमानतळ. सांताक्रूझ–सहारचा विमानतळ सीएसएमटीच्या उत्तरेला आहे आणि नागपूरचा सोनेगाव विमानतळ सीताबर्डीच्या दक्षिणेला. दोन्ही टोकं एकमेकांकडे थोडी सरकली की सोळा किलोमीटर कमी होतात.

बाबा आरेखक आहेत म्हणून हिशेबही देतो, ते कागदावर पडताळून बघतील. मुंबई विमानतळ १९.०९ उत्तर, ७२.८७ पूर्व. नागपूर विमानतळ २१.०९ उत्तर, ७९.०५ पूर्व. अक्षांशाचा फरक बरोबर २ अंश. एक अंश सुमारे १११ किमी, म्हणून २२२ किमी. रेखांशाचा फरक ६.१८ अंश, पण रेखांश ध्रुवाकडे जवळ येत जातात, त्यामुळे आपल्या अक्षांशावर त्याला ०.९४ ने गुणायचं. येतात ६४५ किमी. आता २२२ आणि ६४५ या काटकोन त्रिकोणाच्या दोन बाजू, कर्ण काढा. ६८२. पृथ्वीचा गोलावा एवढ्या अंतरात जवळपास काहीच फरक करत नाही.

१ तास २१ मिनिटं कुठून आली तेही सांगतो. ती संकेतस्थळं सरसकट ताशी ८०० किमी धरतात आणि वर अर्धा तास मिळवतात. ६८२ किमीची ५१ मिनिटं, अधिक ३०. प्रत्यक्ष एकाही विमानाचा वेळ त्यांनी मोजलेला नसतो. त्या आकड्यावर डॉक्टरांची वेळ ठरवू नका.

निवृत्त_मनोरा

माझी नोकरी हवाई वाहतूक नियंत्रणात गेली, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

तिकिटावरचा वेळ हा उड्डाणाचा वेळ नसतोच मुळी. त्याला आमच्याकडे ब्लॉक टाइम म्हणतात. विमानाच्या चाकांना लावलेले ठोकळे काढून ते जागेवरून हललं की घड्याळ सुरू, आणि नागपूरला उभं राहून पुन्हा ठोकळे लागले की बंद. म्हणजे मुंबईला धावपट्टीपर्यंत रांगत जाणं, तिथे आपल्या पाळीची वाट बघणं, हवेतला वेळ, आणि उतरल्यावर परत रांगत फलाटाशी येणं हे सगळं त्यात येतं. वैमानिक सांगतो तो वेळ बहुतेकदा फक्त हवेतला, चाकं उचलल्यापासून टेकेपर्यंतचा. तुमचे दोन आकडे वेगळे पडले ते यामुळे.

मुंबईला जमिनीवर वेळ का जातो? दोन धावपट्ट्या आहेत, पण त्या एकमेकींना छेदतात, ०९/२७ आणि १४/३२ अशी त्यांची नावं. चौकात दोन्ही बाजूंच्या गाड्या एकदम सोडता येत नाहीत तसंच हे. एका वेळी कामाला एकच, आणि दिवसाला साडेनऊशेच्या आसपास विमानांची ये-जा तिच्यावर. पहाटे सहाला धावपट्टीच्या तोंडाशी आठ-दहा विमानं उभी असणं ही रोजची गोष्ट आहे. पावसाळ्याच्या आधी आणि नंतर एकेक दिवस डागडुजीसाठी सकाळी ११ ते संध्याकाळी ५ धावपट्ट्या बंद ठेवतात, त्या तारखा आधी जाहीर होतात, तेवढ्या बघून ठेवा.

आता हवेत. वारा समुद्राकडून असतो म्हणून विमानं बहुतेक वेळा २७ वरून उडतात, म्हणजे तोंड पश्चिमेला, जुहूच्या अंगाने समुद्रावर. नागपूर पूर्वेला. त्यामुळे आधी समुद्रावर जायचं, मग वळसा घालून उलट यायचं. सरळ रेषेच्या ६८२ किमीवर इथेच पाच-सात टक्के चढतात. परतीच्या वेळी उलटं असतं. नागपूरहून येणारं विमान पूर्वेकडूनच येतं आणि घाटकोपरच्या डोक्यावरून सरळ २७ वर उतरू शकतं. रस्ता सोपा, पण नेमकी तिथेच रांग लागलेली असते. दक्षिणेची, उत्तरेची, आखातातली, सगळी विमानं एका ओळीत आणायची, दोघांमध्ये ठरलेलं अंतर राखायचं. मग कुणाला वेग कमी करायला सांगतो, कुणाला वळवून लांबचा रस्ता देतो, कुणाला घिरट्या घालायला लावतो. तुम्ही दिवाळीत फिरलात ते हे. त्या घिरट्या आंधळ्या नसतात. प्रत्येक विमानाला उंची नेमून दिलेली असते, वर-खाली एक हजार फुटांचं अंतर ठेवून. खालचं सुटलं की वरचं एक पायरी खाली. त्यात बसलेल्याला वाटतं उगाच फिरवताहेत. मी हेडफोन लावून तिथे बसलेलो असायचो आणि प्रत्येक विमानात कुणाची तरी आई, कुणाचं तरी लेकरू आहे हे कधी विसरलो नाही.

ताशी ८०० च्या वेगाचंही ऐका. ३५ हजार फुटांवर जायला विमानाला वीस-बावीस मिनिटं लागतात. दहा हजार फुटांच्या खाली २५० नॉट, म्हणजे ताशी ४६३ किमीची मर्यादा असते. उतरण्याचा ठोकताळा असा की दर हजार फुटांना तीन नॉटिकल मैल. ३५ हजार फुटांना १०५ नॉटिकल मैल, म्हणजे सुमारे १९५ किमी आधीपासून उतार सुरू. चढण आणि उतरण मिळून सव्वाचारशे किमी त्यातच गेले. सपाट, पूर्ण वेगाचा प्रवास उरतो अडीचशे किमी, वीस मिनिटांचा. चहाचा कप हातात येतो तोवर खाली यायला सुरुवात झालेली असते.

धरमपेठची_लेक

किती सुंदर समजावलंत! आज फोनवर बाबांना वाचून दाखवलं. आकडेमोड यांचा हिशेब त्यांनी स्वतः करून बघितला, त्यांचं उत्तर ६८२.१ आलं. त्यांच्या आवाजात बऱ्याच दिवसांनी अशी तरतरी ऐकली.

त्यांचा एक प्रश्न आहे. माझ्या प्रत्येक विमानप्रवासात ते मला "चाकं किती वाजता टेकली" विचारतात आणि वहीत लिहून ठेवतात. आजवर मी मोजून सहा फेऱ्या केल्या. त्यात नागपूरला येताना हिवाळ्यात कमी वेळ आणि पावसाळ्यात जास्त, असं त्यांना दिसतंय. सहाच नोंदी आहेत, पण हा योगायोग आहे की यामागे काही कारण आहे?

हवापालट

कारण आहे, आणि बाबांना माझा नमस्कार सांगा. सहा नोंदींतून हे हेरायला नजर लागते.

आपल्याकडे वरच्या थरातला वारा ऋतूप्रमाणे दिशा बदलतो. हिवाळ्यात उत्तर भारतावरून पश्चिमेकडून पूर्वेकडे वाऱ्याचा जोराचा झोत वाहतो. त्याची दक्षिणेकडची कड महाराष्ट्रापर्यंत येते, आणि विमानाच्या उंचीवर एखाद्या दिवशी ताशी शंभर किमीचा वारा पाठीशी मिळतो. मुंबईहून नागपूरला जाणाऱ्याला तो ढकलतो, येणाऱ्याला अडवतो. पावसाळ्यात चित्र उलटं. खाली नैऋत्येचे वारे पाऊस घेऊन येतात, पण वर, विमानं उडतात त्या उंचीला आणि त्याहून वर, वारा पूर्वेकडून वाहतो. तो जोर हिवाळ्यातल्यापेक्षा आपल्या भागात कमी असतो, पण दिशा उलटी.

फरक किती पडतो? सपाट प्रवास अडीचशे-तीनशे किमीचा, त्यामुळे पाच, फार तर सात मिनिटं. शिवाय पावसाळ्यात ढगांचे मनोरे चुकवत जावं लागतं, त्याची वेगळी भर. वेळापत्रक वर्षातून दोनदा, मार्च आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी बदलतं, तेव्हा कंपन्या हे वारेही हिशेबात धरतात.

सातासमुद्रापार

मी न्यू जर्सीत आहे, माहेर वर्धा. वाऱ्याचं हे आम्ही दरवेळी भोगतो. मुंबई–न्यूअर्क हवाई अंतर साडेबारा हजार किमी. इकडे येताना सोळा तास, भारतात जाताना चौदाच्या आसपास. तुमच्या पाच मिनिटांचे आमच्याकडे दोन तास होतात. त्यात २४ एप्रिल २०२५ पासून पाकिस्तानचं आकाश भारतीय कंपन्यांना बंद, मग वळसा आणखी लांब. मुंबईत उतरल्यावर पुढे नागपूरचं विमान धरताना त्या दीड तासाचं मला काहीच वाटत नाही, फक्त खिडकी हवी असते.

समृद्धीवाला

समृद्धी महामार्ग ५ जून २०२५ ला शेवटपर्यंत खुला झाला आहे. ७०१ किमी. तुमचं हवाई अंतर ६८२, म्हणजे रस्ता फक्त १९ किमी जास्त! तो सुरू होतो ते आमणे डोंबिवलीहून जवळ. आठ तासांत नागपूर. विमानतळावर दोन तास आधी जाण्यापेक्षा गाडी काढलेली बरी.

आकडेमोड

१९ किमीची तुलना बरोबर नाही हो. समृद्धी आमण्याला, भिवंडीजवळ सुरू होते, विमानतळाशी नाही. आमण्यापासून नागपूर सरळ रेषेत सुमारे ६४७ किमी. म्हणजे रस्ता ५४ किमी जास्त, आठ टक्के. डोंगर-नद्यांच्या मुलखात आठ टक्के ही फार मोठी करामत आहे, त्याचं कौतुक मलाही आहे. रेल्वे बघा, सीएसएमटी ते नागपूर ८३७ किमी, कारण ती मनमाड–भुसावळ–अकोला करत उत्तरेकडून फिरून जाते.

पण ताईंना ११ वाजता पोचायचं तर रात्री दोनला एकटीने निघावं लागेल. सरळसोट रस्त्यावर पहाटे तीन ते पाच डोळा लागतो. मी तरी हा सल्ला माझ्या बहिणीला देणार नाही.

समृद्धीवाला

मान्य. एकटीने रात्री नको. दिवसा, सोबत कोणी असेल तर विचार करा.

वऱ्हाडी_ठेचा

ताई, मी अकोल्याचा. तुमी इमानानं जा, पन एक ध्यानात ठेवा. पहाटं सहाच्या इमानाच्या पायी रातभर जागनं पडते. रेल्वेत झोप तरी होते. बुढ्याच्या दवाखान्यात दिवसभर उभं राहाचं हाय तुमाले, आदल्या दिवशी दुपारीच झोपून घ्या. आन् डब्बा सोबत न्या, उपाशी नोका जाऊ.

रंकाळा

कोल्हापूरकरांच्या वतीने एक नोंद. मुंबई–कोल्हापूर हवाई अंतर ३१० किमी, नागपूरच्या निम्म्याहूनही कमी, पण पंख्याच्या लहान विमानाने वेळ मात्र तासाभराचा. ते ताशी पाचशेच्या आसपास जातं. अंतर निम्मं म्हणून वेळ निम्मा होत नाही.

जुना_सोनेगावकर

धागा वाचून राहवलं नाही. माझं बालपण सोनेगावच्या बाजूचं. आज आपण पासष्ट मिनिटांवर बोलतोय. १९४९ साली नागपुरात रात्रीची हवाई टपाल सेवा सुरू झाली, तेव्हापासून या विमानतळाची रात्र जागी असायची.

व्यवस्था अशी होती. मुंबई, दिल्ली, कलकत्ता आणि मद्रास, या चारही शहरांतून रात्री एकेक विमान टपालाची पोती आणि थोडे प्रवासी घेऊन निघायचं. मध्यरात्रीच्या सुमाराला चारही नागपूरला उतरायची. मुंबईच्या विमानातली कलकत्त्याची पोती कलकत्त्याच्या विमानात, मद्रासची दिल्लीच्या, अशी अदलाबदल व्हायची, आणि चारही विमानं आपापल्या गावी परत. सकाळ होईपर्यंत पत्र देशाच्या दुसऱ्या टोकाला. नागपूरच का, तर आकडेमोड यांनी दिलेल्या रीतीने मीही काढून बघितलं. मुंबई ६८२, दिल्ली ८५५, चेन्नई ९१०, कोलकाता ९८५. चौघांनाही एका रात्रीत येऊन परत जाता येईल असं हे मधलं शहर.

सुरुवातीला डाकोटा विमानं होती, ताशी पावणेतीनशे किमीच्या आसपासची. मुंबईहून यायला अडीच तास तरी लागत असणार. मला आठवतो तो आवाज. उन्हाळ्यात आम्ही अंगणात बाजेवर झोपायचो. आधी एक घरघर, मग दुसरीकडून दुसरी. आजोबा डोळे न उघडता सांगायचे, "ही मुंबईची आली." आम्हाला ते खरं वाटायचं. ताई, तुमच्या बाबांना विचारा, त्यांनीही ऐकलं असेल.

निवृत्त_मनोरा

सोनेगावकर, तुम्ही लिहिलंत ते वाचून डोळे भरून आले. आमच्या खात्यातली जुनी मंडळी या रात्रींबद्दल बोलायची.

ताई, आता कामाचं. ११ च्या भेटीसाठी सहाच्या आसपासचं पहिलंच विमान घ्या. पहिलं विमान आदल्या रात्रीपासून मुंबईत उभं असतं, त्याला मागच्या फेरीचा उशीर चिकटत नाही. दिवसभरात एका विमानाच्या पाच-सहा फेऱ्या होतात आणि उशीर साचत जातो, संध्याकाळी तो दिसतो. तिकिटावरचा वेळच खरा धरा. पंधरा मिनिटांच्या आतला उशीर वेळेवरच मोजला जातो, म्हणून त्यात आणखी पंधरा मिळवा. सामान हातातच ठेवलंत तर दोन्हीकडची अर्धा-अर्धा तासाची रांग वाचेल. गेट २५ मिनिटं आधी बंद होतं, हे मात्र पक्कं लक्षात ठेवा.

८ ऑक्टोबर २०२५ ला नवी मुंबईच्या विमानतळाचं उद्घाटन झालं. तिथून नागपूर १६ किमी जवळ, ते काही विशेष नाही. डोंबिवलीहून तिथे पोचायला किती लागतात, ते बघून ठरवा.

धरमपेठची_लेक

काल जाऊन आले. सगळ्यांना सांगितल्याशिवाय चैन पडेना.

घरातून ३.४५ ला निघाले. विमानतळावर ४.४०. तिकिटावर ६.०५ ते ७.४०. विमान हललं ६.१२ ला, धावपट्टीशी आमच्या पुढे सात विमानं होती, मी मोजली. चाकं उचलली ६.३१. समुद्रावर जाऊन वळलो तेव्हा खाली वरळीचा सागरी सेतू दिव्यांनी ओळखू आला. उजव्या खिडकीशी बसले होते. नागपूर मुंबईच्या सहा अंश पूर्वेला, म्हणजे तिथला सूर्य वीस-पंचवीस मिनिटं आधी उगवतो, आणि आम्ही त्याच्याकडेच निघालेलो. मराठवाड्यावर कुठेतरी तो असा झटकन वर आला की शेजारच्या आजी हात जोडून बसल्या. लोणार आमच्या रेषेच्या दक्षिणेला तीसेक किमीवर येतं असं मी नकाशावर बघून ठेवलं होतं, पण खाली धुकं होतं, दिसलं नाही. चहा खरंच संपायच्या आत उतरायला लागलो.

चाकं टेकली ७.३२ ला. हवेत ६१ मिनिटं. दार उघडलं ७.४०. हातातलीच बॅग, ऑटो, आणि ८.२० ला धरमपेठेत. बाबा फाटकाशी उभे होते, वही हातात.

दवाखान्यात ११ ला आम्ही दोघं होतो. रिपोर्ट बरे आले. रांगेत बसल्या बसल्या सोनेगावकरांचं लिहिलेलं त्यांना वाचून दाखवलं. ते बराच वेळ गप्प राहिले, मग म्हणाले, "चार नाही गं, एखाद्या रात्री तीनच यायची. मग आई म्हणायची, कुठेतरी वादळ आहे." आजीबद्दल बाबा इतक्या सहज कधी बोलत नाहीत.

परतीला रात्रीचं ८.३० चं होतं. चाकं उचलली ८.४३ ला, टेकली १०.०५ ला, ८२ मिनिटं. त्यातले दोन वळसे मी मोजले, आणि यावेळी जीव अजिबात घाबरला नाही. डोक्यावर हजार फुटांवर कोणीतरी आहे, पायाखाली हजार फुटांवर कोणीतरी, आणि मनोऱ्यात कुणीतरी आम्हा सगळ्यांना ओळीने आणतंय, हे ठाऊक होतं.

वऱ्हाडी दादा, आदल्या दुपारी दोन तास झोपले होते. डबाही नेला.

बाबांनी वहीत नवं पान आखलंय. दोन रकाने, जाणं आणि येणं, वर महिन्यांची नावं. जुलैच्या घरात त्यांनी आत्ताच पेन्सिलने अंदाज लिहून ठेवलाय, जाताना ६७. जुलैत गेले की इथे आकडा टाकते.